हीथ्रो ते स्किपोल: अंतर ३७० किलोमीटर, हाताशी मात्र पाच तास ठेवा

लंडनचा हीथ्रो आणि अ‍ॅम्स्टरडॅमचा स्किपोल यांच्यातलं हवाई अंतर साधारण ३७० किलोमीटर, म्हणजे २०० सागरी मैल. विमान हवेत असतं पाऊण तासाच्या आसपास. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा जास्तच वेळ दिसतो, कारण तो गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उड्डाणासाठी रांग ठरलेली. स्किपोलला सहा आहेत, पण २००३ साली सुरू झालेली पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून फारच लांब. तिथे उतरलात तर विमान हायवेवरचा पूल ओलांडून १५-२० मिनिटं जमिनीवरच चालतं. पुढचं विमान पकडायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

घड्याळाचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. ब्रिटन नेदरलँड्सच्या एक तास मागे, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. म्हणून सकाळी १० चं विमान १२:२० ला पोचतं, आणि परतीचं दुपारी १ चं विमान १:२० ला! परतताना हीथ्रोवर गर्दी असली की लंडनच्या ईशान्येला लॅम्बोर्न या विमानांच्या ठरलेल्या थांब्यावर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, उशीर होतो तो बहुधा इथेच.

निघण्यापूर्वी टर्मिनल तपासा. ब्रिटिश एअरवेज टर्मिनल ५ वरून, डच कंपनी केएलएम ४ वरून. या दोन्हींमध्ये थेट गाडी नाही, २-३ च्या स्टेशनवर बदलावी लागते. प्रवास फुकट आहे, पण अर्धा तास सहज जातो.

भारतीय पासपोर्टवर सर्वांत महाग पडणारी चूक व्हिसाची. ब्रिटनच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये प्रवेश नाही, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक) वेगळाच लागतो. तो एकदाच प्रवेशाचा असेल आणि लंडनला परत येऊन पुन्हा युरोपात जायचं असेल, तर दुसऱ्यांदा विमानात बसूच देणार नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं सुरू झालं आहे, पहिल्या खेपेला त्यात वेळ मोडतो. परतीला शेंगेनमधून बाहेर पडण्याची पासपोर्ट तपासणी स्किपोलला, गेटच्या आधी होते. दुकानांत रेंगाळण्याआधी ती उरका.

स्किपोलचं रेल्वे स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे. तिथून अ‍ॅम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनला, सेंट्रालला, १५-२० मिनिटं लागतात. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्राला टेकवा, आणि उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवा. फोन एकीकडे नि कार्ड दुसरीकडे असं केलंत तर दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि पैसे जास्त कापले जातात.

मुक्काम शहराच्या मध्यात असेल तर लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून सुटणारी थेट रेल्वे बरी. ती साधारण चार तास घेते, पण शेंगेनची तपासणी लंडनमध्येच उरकते. पुढे विमानच बदलायचं असेल, तर मात्र हीथ्रोच गाठा.