पोक

माझ्या शिंप्याची वही मी चोरून वाचली. अमळनेरच्या बाजारात एका बोळात त्याचं दुकान आहे, अठरा वर्षं माझे शर्ट तोच शिवतो. तो आत काजाचं बघायला गेला, वही टेबलावर उघडी होती, म्हणून जरा वाकून बघितलं. माझं नाव, खाली लांबी २९, छाती ४०, शोल्डर १७॥, कॉलर १५॥. इथपर्यंत ठीक. मग एक आडवी रेघ आणि रेघेखाली एकच शब्द: पोक.

तो बाहेर आला तेव्हा मी वहीकडे बोट दाखवलं. तो जराही ओशाळला नाही. "ते तुमच्यासाठी नाही साहेब, माझ्यासाठी लिहेल आहे." पोक असलं की पाठीचा भाग लांब कापावा लागतो आणि पुढचा थोडा कमी. नाहीतर कॉलर मानेपासून सुटते, शर्ट मागून उचलतो आणि पुढून लोंबतो. म्हणजे अठरा वर्षं हा माणूस माझं पोक कापडात जिरवत होता, आणि मी समजत होतो की आपल्याला शर्ट फार छान बसतात.

पोक आलं कुठून? घरात तसं कोणाला नव्हतं. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. आप्पा सहा फुटी, केळीच्या बागेतून चालायचे तेव्हा पानं डोक्याला लागली तरी मान वळवायचे नाहीत. याच आप्पांना मी एकदा बँकेत पाहिलं. पीककर्जाचं काही काम होतं, मी सहावी-सातवीत असेन. काचेला खाली अर्धगोल भोक, आणि त्या भोकाशी तोंड नेऊन आप्पा बोलत होते. आवाजही निराळाच. बाहेर आल्यावर ते पुन्हा सहा फुटी झाले. मला मात्र ते भोक लक्षात राहिलं.

त्यात मराठीची एक गंमत आहे. मान 'ताठ' असली की कौतुक. पुढे एक काना लागला की 'ताठा', म्हणजे माज. हा काना नेमका कुठे लागतो ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. गुरुजींसमोर, पाहुण्यांसमोर, सावकारासमोर जरा वाकून असलेलं बरं, एवढंच कळलं. शिवाय मी वर्गात सगळ्यात उंच. फळा दिसत नाही म्हणून मागची पोरं ओरडायची, की मी खांदे गोळा करून बाकात खाली सरकायचो. शाळा सुटली, खांदे तसेच राहिले.

आणि नोकरी कुठे लागली? काचेच्या आत. पतसंस्थेत वीस वर्षं मी त्याच अर्धगोल भोकाच्या दुसऱ्या बाजूला बसतो आहे. बाहेरचा वाकून बोलतो, त्याचं ऐकू यावं म्हणून आतला वाकतो. ही काच कोणी बनवली त्याला माणसाची मान कुठे असते याचा पत्ता नसावा.

मानदुखी सुरू झाल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मुलगी तरुण, बोलणं मोकळं. माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं, ते सरळ असतं तेव्हा मानेला जड नाही. पुढे झुकलं की भार वाढत जातो. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जननं २०१४ मध्ये संगणकावर त्याचं गणित मांडलं होतं: ६० अंश झुकलं की मानेवर सुमारे २७ किलोचा भार. गणितच ते, कोणाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही. पण २७ किलो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे रावेरकडचा चांगला भरलेला केळीचा घड आला. मोबाइल बघताना मी रोज तो घड मानेवर घेऊन बसतो तर!

तिनं सांगितलेलं सोपं होतं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हनुवटी मागे ओढायची, इतकी की गळ्याला दुसरी हनुवटी यावी. अर्ध्या तासानं खुर्चीतून उठायचं. एकाच पद्धतीनं ताठ बसून राहणं हेही बरं नव्हे, बसण्याची ढब बदलत राहायची, हे तिनं दोनदा सांगितलं. मी आधी उत्साहात पाठीचा पट्टा मागवला होता. घड निसवला की केळीला बांबूचा टेकू देतात, तसा तो टेकू. मे महिन्यात ४५ अंशांत चार दिवस घातला आणि माळ्यावर टाकला.

पुतण्यानं तर एक भाषण पाठवलं. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहा, आत्मविश्वास वाढतो, शरीरातले हार्मोनसुद्धा बदलतात. वार्षिक सभेच्या सकाळी न्हाणीघरात करून पाहिलं. दार नीट लागलं नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, कंबर धरली का?" नंतर वाचलं की २०१० चा तो प्रयोग ४२ जणांवर होता. २०१५ मध्ये २०० जणांवर पुन्हा केला तेव्हा हार्मोन काही हलले नाहीत. माणसांना बळ आल्यासारखं वाटलं मात्र खरं. मूळ प्रयोग करणाऱ्यांपैकी एकीनंच पुढच्या वर्षी जाहीर सांगितलं की माझा आता यावर विश्वास नाही. मला ती बाई आवडली. एवढं बोलायला कणा लागतो, तो न्हाणीघरात तयार होत नाही.

माझ्या काकूंनी असलं काही ऐकलेलं नाही. कपाशीची बोंडं गुडघ्या-कमरेच्या उंचीला, कमरेला फडकं बांधून दिवसभर वाकून वेचायची, मजुरी किलोवर. चाळीस वर्षांत त्यांची पाठ कमानीसारखी झाली. मला पोक काढून चालताना बघून त्याच विचारतात, "जमीनवर काय धुंडी ऱ्हायना रे भाऊ?"

यंदा श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, गावी गेलो. रविवारी रोट झाले, सोमवारी विसर्जन. काकूंनी कानबाईचा चौरंग डोक्यावर घेतला आणि वाजंत्री सुरू झाली. मी नीट बघत होतो. घरून निघताना वाकलेल्या काकू गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत उलगडल्या. मान सरळ, नजर समोर, एक हात चौरंगाला, आणि पाय तालावर. सत्तरीच्या बाईला भर गल्लीत कोणी बघतंय याची फिकीर नव्हती. नदीवरून परत आल्यावर त्या ओट्यावर पुन्हा तशाच कमानीत बसल्या. मी विचारलं, मघाशी सरळ कशा झालात? त्यांना प्रश्नच कळेना. "माय डोकावर शे ना तवय. वाकीसन कसं चाली?"

परत आल्यावर पतसंस्थेत एक गोष्ट करायला लागलो. कोणी म्हातारं माणूस आलं की मी खुर्चीतून उठतो आणि काचेच्या वरून बोलतो. पहिल्या दिवशी एक आजोबा सवयीनं भोकाशी वाकले, मी वरून "बोला बाबा" म्हटलं तेव्हा इकडेतिकडे बघायला लागले. मग हळूहळू कमरेवर हात देऊन सरळ झाले. पासबुक मात्र अजून भोकातूनच घ्यावं लागतं.

दिवाळीच्या शर्टासाठी परवा शिंप्याकडे गेलो. खांदे मागे, हनुवटी आत, श्वास रोखून उभा राहिलो. त्यानं टेप खांद्यावर टाकली, थांबला, आणि म्हणाला, "साहेब, श्वास सोडा. रोज राहता तसे उभे राहा, नाहीतर शर्ट फोटोपुरता बसेल."

सोडला. त्यानं मापं घेतली, टेबलाशी जाऊन काहीतरी लिहिलं आणि चहा सांगायला बाहेर गेला. वही उघडीच होती. पण बघायचं तर वाकावं लागलं असतं.