आमची वाटचाल : लाईट आली की सगळं आपोआप चालू

कुडाळला आमची छोटी फर्म आहे. वजनकाटा, बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो आणि गिऱ्हाईकाच्याच जागेवर लिनक्सच्या मशीनवर बसवून देतो, वेंगुर्ल्याकडचे काजू कारखाने, मालवणचे बर्फाचे कारखाने, आंब्याच्या पॅकिंग शेड असं सगळं. ह्या पट्ट्यात पहिला प्रश्न लाईटचा, पावसात तारेवर फांदी पडली की गेली, कधी येईल काय भरवसा नाही आणि इन्व्हर्टर तरी किती पुरणार. एका बर्फवाल्या काकांनी सुरुवातीलाच सांगितलेलं, "लाईट इली काय ता आपसूक चालू होऊक व्हया, माका बटणा दाबूक लावू नको." तेव्हापासून आमच्यासाठी सॉफ्टवेअरइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते सॉफ्टवेअर सुरू करणारी स्क्रिप्ट.

बायोसमध्ये वीज परत आली की मशीन सुरू व्हायची सेटिंग असते, ती लावली की अर्धं काम झालं. मग डेटाबेस आधी उठायला हवा, त्यानंतर आमचा सर्व्हर, त्यानंतर काट्याचं वजन वाचणारा प्रोग्रॅम. हा क्रम सांभाळतो सर्व्हिस मॅनेजर, म्हणजे मशीन उठल्यावर बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम, आणि तो प्रत्येक डिस्ट्रोत (डेबियन, उबुंटू, फेडोरा असे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) एकच असेल असं नाही ना! आम्ही सुरू केलं तेव्हा डेबियन आणि सेंटओएस 6 दोन्हीकडे इनिट डॉट डी नावाच्या फोल्डरमधल्या शेल स्क्रिप्टा (इनिट स्क्रिप्टा) चालायच्या, पण प्रोग्रॅम सुरू-बंद करायला डेबियनला स्टार्ट-स्टॉप-डीमन वापरायचं, सेंटओएस ज्यावर बेतलंय त्या रेड हॅटकडे त्यांची वेगळी फंक्शन्स, क्रम सांगायला इकडे अपडेट-आरसी डॉट डी तर तिकडे चेककॉन्फिग. उबुंटूचा सर्व्हिस मॅनेजर अपस्टार्ट, ते तर 2006 पासून वेगळंच होतं. मग 2010 ला सिस्टमडी हा नवा सर्व्हिस मॅनेजर आला, फेडोराने 2011 ला घेतलं, रेड हॅट एंटरप्राइज 7 मध्ये 2014 ला आलं, डेबियनच्या टेक्निकल कमिटीनेही त्याच वर्षी मोठ्या वादानंतर तेच निवडलं आणि 2015 मध्ये डेबियन 8 आणि उबुंटू 15.04 दोन्ही सिस्टमडीवर गेले. ज्यांना पटलं नाही त्यांनी देवुआन हे सिस्टमडीशिवायचं डेबियन काढलं.

आम्हाला सिस्टमडी आवडलं ते एका साध्या कारणासाठी. जुन्या पुष्कळ स्क्रिप्टा पीआयडी फाइल (चालू प्रोग्रॅमचा नंबर लिहिलेली फाइल) बघून ठरवायच्या की प्रोग्रॅम चालू आहे, आणि लाईट अचानक गेली की ती फाइल डिस्कवर तशीच राहू शकते, मग परत आल्यावर स्क्रिप्ट म्हणते आधीच चालू आहे. सिस्टमडी प्रोसेस स्वतः सांभाळतं, पडली तर परत उठवतं, फक्त युनिट फाइलमध्ये, म्हणजे त्या सर्व्हिसच्या सिस्टमडीसाठीच्या सेटिंग फाइलमध्ये, तसं सांगायचं. एक लक्षात ठेवा, 'आफ्टर' लिहिलं की फक्त क्रम ठरतो, डेटाबेस सुरू करायला लावायचा असेल तर 'वॉन्ट्स' किंवा 'रिक्वायर्स' वेगळं लिहावंच लागतं. 2021 च्या मे मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, त्यानंतर लाईट आली तेव्हा आमची मशीनं स्वतःहून उठली, त्याचा आनंद अजून आहे.

पॅकेजिंगमधली, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायच्या गठ्ठ्यात बांधण्यातली, खरी मजा पुढे आहे. डेबियनला इनिट स्क्रिप्ट कॉन्फिग फाइल धरली जाते, म्हणजे कोणी त्यात हात घातला असेल तर अपग्रेडला विचारणा होते आणि पॅकेज काढलं तरी पर्ज (सेटिंगसकट पूर्ण पुसणं) करेपर्यंत ती राहते. युनिट फाइल मात्र पॅकेजच्या मालकीची, गिऱ्हाईकाकडचा बदल ईटीसी ह्या सेटिंगच्या फोल्डरखाली वेगळ्या छोट्या जोड-फाइलमध्ये (ड्रॉप-इन). इनिट स्क्रिप्ट आणि युनिट फाइल दोन्ही द्यायचे असतील तर नाव एकच ठेवा, मग सिस्टमडी स्क्रिप्टकडे बघत नाही, नावं वेगळी असली तर तोच प्रोग्रॅम दोनदा उठवायला जातं. शिवाय डेबियनवर पॅकेज टाकलं की सर्व्हिस लगेच सुरू होते, फेडोरात प्रीसेटमध्ये (आपोआप चालू ठेवायच्या सर्व्हिसच्या यादीत) नाव असेल तरच एनेबल होते, म्हणजे मशीन उठताना सुरू व्हायला ठेवली जाते. काजूचं वजन चालू असताना अपग्रेडने सर्व्हर रिस्टार्ट झालेला आम्हाला चालणारच नाही, म्हणून आमच्या डेबियन पॅकेजात ते बंद ठेवलंय.

अल्पाइन ह्या छोट्या डिस्ट्रोची पद्धत मला सगळ्यात शहाणी वाटते. प्रोग्रॅमचं पॅकेज एक आणि ओपनआरसीची (तिथल्या सर्व्हिस मॅनेजरची) स्क्रिप्ट वेगळ्या छोट्या पॅकेजात, प्रोग्रॅम आणि ओपनआरसी दोन्ही असतील तर ती आपोआप येते, कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा बंदिस्त चालवायच्या जागेत) ओपनआरसी नसेल तर येतच नाही. आर्टिक्स ही डिस्ट्रोही तसंच करते, ओपनआरसी, रनिट, एस6, डिनिट हे सगळे सर्व्हिस मॅनेजर, ज्याची त्याची वेगळी पॅकेजं. आम्ही तेच उचललं. प्रोग्रॅम फोरग्राउंडला चालतो, लॉग स्टँडर्ड आउटपुटवर टाकतो, टर्म सिग्नल (बंद हो अशी सूचना) आला की नीट बंद होतो, स्वतः बॅकग्राउंडला जात नाही. एवढं पाळलं की व्हॉइड ह्या डिस्ट्रोच्या रनिटला शेवटी एक एक्झेक (स्क्रिप्टच्या जागी प्रोग्रॅमच चालवणारी आज्ञा) असलेली चार ओळींची फाइल पुरते आणि सिस्टमडीलाही फारसं लिहावं लागत नाही.

2023 मध्ये सिस्टमडी 254 ने जुन्या इनिट स्क्रिप्टांचा सपोर्ट पुढे काढणार म्हणून जाहीर केलं, डेबियनमध्येही मेंटेनरांनी सोडलेल्या स्क्रिप्टा आता एका वेगळ्या पॅकेजात गोळा करून ठेवल्यात. आमची जुनी स्क्रिप्ट आम्ही चालू ठेवणार, कारण एका पतसंस्थेत देवुआन आहे आणि ते मशीन उत्तम चाललंय. ह्या पावसाळ्याआधी तिथे नवं व्हर्जन टाकायचंय, आणि मेन स्विच पाडून परत चढवून बघितल्याशिवाय तिथून निघायचं नाही असं मुलांना सांगून ठेवलंय.