३४ टक्क्यांवर अडलेली बॅटरी

शिवाजी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मी शिवाजी पेठेतल्या घरी बसून टाइप करून देते, आणि हे सगळे काम २०१३ साली घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर चालते. जुलैच्या पावसात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे बॅटरी ३४ टक्क्यांवर अडून ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ एवढेच दाखवू लागली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एका दुकानात फोन केला, तर लॅपटॉप न पाहताच ‘बॅटरी गेली, नवीन टाका’ असे सांगण्यात आले. तपासल्याशिवाय असा निकाल देणे मला आजही चुकीचे वाटते.

प्रथम मी लॅपटॉप बंद करून, वायर काढून, खालची खिटी सरकवली आणि बॅटरी बाहेर काढली. ती फुगलेली नव्हती. फुगली असती तर मी ती पुन्हा बसवली नसती. पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, बॅटरी बसवली, पण काही फरक पडला नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधली, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या यादीतली, बॅटरीची नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरीही ३४ चे ३५ झाले नाहीत.

मग विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढला. त्यात मूळ क्षमता ४८,८४० मिलीवॉट-तास आणि आताची पूर्ण क्षमता ३३,२१० दिसली, म्हणजे सुमारे ६८ टक्के. बॅटरी थकली होती, पण मेलेली नव्हती.

माझे दीर उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचे काम करतात. संध्याकाळी त्यांनी मल्टिमीटर लावला आणि म्हणाले, “वहिनी, साडेएकोणीस व्होल्ट येतंय, अ‍ॅडॉप्टरवर लिहिलंय तेवढंच. चार्जरला काही झालेलं नाही.” इथे आम्ही दोघेही फसलो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू होताना एफ२ दाबून मी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये गेले, तेव्हा अ‍ॅडॉप्टरच्या रकान्यात ६५ वॉटऐवजी ‘अननोन’ असे लिहिलेले होते. माझ्या लॅपटॉपच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखा एक बारीक काटा आहे. वीज वाहून नेणे हे त्याचे काम नाही. अ‍ॅडॉप्टर किती वॉटचा आहे हा निरोप तो लॅपटॉपला देतो. हा निरोप पोहोचला नाही, तर लॅपटॉप त्या विजेवर चालतो खरा, पण अनोळखी अ‍ॅडॉप्टरवर जास्त भार पडू नये म्हणून बॅटरीचे चार्जिंग थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही कमी करतो. गेले दोन आठवडे मोठ्या फाइली रखडत उघडत होत्या आणि त्याचा दोष मी प्रबंधातल्या आकृत्यांना देत होते. त्याचाही उलगडा झाला.

पिनेलगतची वायर बोटांत धरून मी हळूच वाकवत गेले. एका ठिकाणी लॅपटॉपवरचा पांढरा दिवा लागला आणि बोट सैल सोडताच विझला. तिथले रबर चिरले होते. आता शंका फक्त लॅपटॉपच्या जॅकची, म्हणजे पिन बसते त्या खाचेची उरली होती, म्हणून शेजारच्या काकूंच्या मुलाचा त्याच कंपनीचा ६५ वॉटचा अ‍ॅडॉप्टर आणून लावला. आकडा लगेच ३५ वर गेला, म्हणजे जॅकही ठीक होता.

राजारामपुरीतल्या एका कारागिरांनी माझ्यासमोर जुनी वायर कापली. निरोपाची केसाएवढी तार आत तुटून हिरवट पडली होती. जाड दोन तारा शाबूत होत्या, म्हणूनच मल्टिमीटरला सगळे ठीक दिसले होते. त्यांनी पिनेसह नवी वायर तीनही तारा जुळवून सोल्डर करून दिली आणि ३०० रुपये घेतले. अ‍ॅडॉप्टरमध्ये घरच्या विजेचा उच्च दाब असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ धक्का बसू शकतो, त्यामुळे तो घरी उघडण्याचा विचार मी केला नव्हता.

आता बॅटरीवर दीड तास काम होते. पूर्वी मी वायर अ‍ॅडॉप्टरभोवती घट्ट गुंडाळून पिशवीत कोंबत असे. आता ती सैल वेटोळे करून, पिनेजवळ अजिबात न वाकवता ठेवते.