१०० किमी लिंक: डीसीएफला रजा, आणि दुपारच्या सीआरसी एररचा छडा

मंडळी, आधी चांगली बातमी. माझ्या १०० किमी फायबर लिंकमधला डीसीएफचा (पसरलेल्या पल्स सावरणाऱ्या खास फायबरचा) डबा साखळीतून कायमचा बाहेर गेला. एकतर्फी डिले ५५६ वरून ४९० मायक्रोसेकंदांवर आलाय, म्हणजे ग्रुप इंडेक्स (काचेत पल्स किती पट हळू जाते तो आकडा) १.४६८ धरला तर १०० किमी काचेला लागायला हवा जवळपास तेवढाच! वाचलेले ६६ मायक्रोसेकंद त्या डब्यात गुंडाळलेल्या साडेतेरा किमी फायबरचे. डिस्पर्शन, म्हणजे वाटेत पल्सचं पसरणं, निस्तरायला प्रकाशाला एवढा वळसा घालायला लावायचा, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. त्याच्या जागी लावलेलं एफबीजी ग्रेटिंग (फायबरमध्येच कोरलेली जाळी) ८० किमीचं तेच काम काही नॅनोसेकंदांत उरकतं, लॉसही कमी. उरलेलं साडेतीनशे पीएस/एनएमच्या (पिकोसेकंद दर नॅनोमीटर) आतलं डिस्पर्शन १० गिगाबिटची लिंक आरामात पचवते.

पण ग्रेटिंग लावल्यापासून दुपारी सीआरसी एरर (फ्रेम बिघडून पोचल्याची नोंद) यायला लागले. सकाळी लिंक स्वच्छ, ऊन चढलं की एररचे झुबके, रात्री पुन्हा सगळं शांत. डीडीएममध्ये (मॉड्यूलच्या स्वतःच्या मोजमापांत) आरएक्स, म्हणजे पोचणारी पॉवर दिवसभर सपाट.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. डिलेचा आलेख काढला, तर तोही दुपारी वर चढलेला. त्यामुळे संशय थेट स्पूलांवर, म्हणजे फायबर गुंडाळलेल्या रिळांवर गेला. फायबर तापलं की डिले वाढतोच, दर किमीला दर अंशाला साधारण ४० पिकोसेकंद. १०० किमीवर अंशाला ४ नॅनोसेकंद झाले. स्पूलवरचे वेढे तापून कुठे आवळले जात असतील, तर मॅक्रोबेंड (वाकण्यामुळे होणारा लॉस) १६२५ नॅनोमीटरवर १५५० पेक्षा ठळक दिसायला हवा. भर दुपारी लाँच केबल लावून दोन्ही तरंगलांबींवर ओटीडीआर (परत येणाऱ्या प्रकाशावरून फायबरमधला लॉस दाखवणारं यंत्र) मारला. दोन्ही ट्रेस एकमेकांवर बसले, एकही पायरी नाही. स्प्लाइस (फायबरचे सांधे) दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढली, त्याही ठीक. सगळे एपीसी (तिरक्या टोकाचे) कनेक्टर स्कोपखाली, म्हणजे तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली घातले, एकावर धूलिकण होता, तो पुसला. एरर होते तिथेच. (नवीन कुणी असेल तर आवर्जून सांगतो: पहिले पैसे स्कोपवर घाला, बाकी सगळं नंतर.)

शेवटी एक छोटा पंखा फक्त ट्रान्समिट बाजूच्या एसएफपी+ मॉड्यूलवर (लेझर असलेल्या ऑप्टिकल मॉड्यूलवर) रोखला. डिले होता तसाच चढलेला, स्पूल तशीच तापलेली, पण एररचा काउंटर जागच्या जागी थांबला! पंखा बंद केला, आकडे पुन्हा पळायला लागले. पंखा बंद-चालू करत तो काउंटर बघत बसण्यात जो आनंद होता, तो इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

दोषी लेझर. मॉड्यूलमधल्या डीएफबी लेझरची तरंगलांबी अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते. डीसीएफ सगळ्या सी-बँडवर (१५५० च्या आसपासच्या पट्ट्यावर) सारखंच काम करतं, त्याला या सरकण्याचं काही वाटत नव्हतं. ग्रेटिंग मात्र १०० गीगाहर्ट्झच्या ग्रिडवर कोरलेलं, चॅनेलमधलं अंतर ०.८ नॅनोमीटर आणि कामाचा पट्टा त्याहून अरुंद. मॉड्यूल तापलं की सिग्नल पट्ट्याच्या काठावर जायचा, तिथे ग्रुप डिले रिपल (तरंगलांबीनुसार डिलेमधला चढउतार) वाढतो आणि पल्स बिघडतात. पुढचा ईडीएफए (ऑप्टिकल अॅम्प्लिफायर) कॉन्स्टंट आउटपुटवर असल्यामुळे पॉवरमध्ये त्याचा मागमूस लागत नव्हता. ईडीएफएची इनपुट पॉवर आता कायम लॉग होईल.

विक्रेत्यांबद्दल एकच: डेटाशीटमध्ये तरंगलांबी नुसती ‘१५५०’ छापलेलं मॉड्यूल ग्रेटिंगसोबत लावू नका, कितीही स्वस्तात मिळो. ग्रिडवर लॉक केलेलंच घ्या. मी सी३४ चॅनेलचं, म्हणजे १५५०.१२ नॅनोमीटरचं डीडब्ल्यूडीएम (ग्रिडच्या ठरलेल्या चॅनेलवर चालणारं) मॉड्यूल लावलंय. दुपारीसुद्धा काउंटर शून्यावर.

यानंतर स्टोअर-अँड-फॉरवर्ड (अख्खी फ्रेम आल्यावरच पुढे पाठवणाऱ्या) स्विचला हात घालणार होतो, पूर्ण फ्रेममागे १.२ मायक्रोसेकंद तिथे जातात. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. ट्यूनेबल एसएफपी+ घेऊन प्रत्येक चॅनेलवर बीईआर (चुकलेल्या बिट्सचं प्रमाण) मोजला, तर या ग्रेटिंगचा कुठला चॅनेल सर्वात स्वच्छ आहे ते कळेल. कदाचित सी३४ सोडावाही लागेल. स्विच थांबू दे, आधी हा स्वीप. तुमच्यापैकी कुणी ५० गीगाहर्ट्झच्या ग्रेटिंगवर असं मोजलं असेल, तर आकडे टाका.