एकाच पातेल्यातल्या वड्या

जानेवारीतली ती सकाळ. साडेसहाला अंगाला लावायच्या लोशन बारची पहिली वडी फरशीवरच्या साच्यातून काढून अंगठ्याने दाबली. गुळगुळीत, घट्ट, हाताच्या उबेने हळूहळू पाझरणारी, अगदी हवी तशी. मग दिवाणावरच्या साच्यातली काढली. वरून तशीच दिसत होती, पण मनगटावर फिरवली तर बारीक रवा लागला. दुसरी काढली, तिसरी काढली, सगळ्यांत रवा. एकशेवीस वड्यांपैकी साठ चांगल्या, साठ रवाळ, आणि सगळ्या एकाच पातेल्यातून ओतलेल्या.

ऑर्डर अंबाजोगाईच्या एका शिक्षिका बाईंची होती, संक्रांतीच्या वाणाची. दरवर्षी चाळण्या न् डबे वाटून त्यांना कंटाळा आला होता. यंदा बायकांच्या टाचांच्या भेगांना लागेल असं काहीतरी हवं होतं. हळदीकुंकू तिसऱ्या दिवशी होतं.

लोशन बार म्हणजे पाणी नसलेलं लोशन. मधमाशांचं मेण, घट्ट चरबी आणि पातळ तेल, एवढंच. पाणी नाही म्हणून बुरशी धरत नाही. आमच्या लातूरकडच्या गावात आम्ही चौघी तिला वडीच म्हणतो. थंडीत तिन्ही जिनसा वजनाने सारख्या घेतो. त्या दिवशी मेण, शिया बटर (शिया नावाच्या आफ्रिकी झाडाच्या बियांची घट्ट चरबी) आणि घाण्याचं करडीचं तेल प्रत्येकी १ किलो ३०० ग्रॅम घेतलं होतं, ३० ग्रॅमच्या वड्या आणि पातेल्याला चिकटून वाया जाणारं धरून. करडीचं तेल हा माझा हट्ट. ते लवकर खवट होतं हे मला माहीत आहे, म्हणून थोडं ई जीवनसत्त्व घालते आणि वडी तीन महिन्यांत संपवा असं सांगते. पण मराठवाड्यात राहून करडी सोडायची आणि बाहेरचं महागडं तेल आणायचं, हे मला पटत नाही.

माझा पहिला संशय मेणावर गेला. बाजारात मेणाच्या नावाखाली पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण, मिसळलेलं सर्रास विकतात, आणि विचारलं तर दुकानदार आपल्यालाच वेड्यात काढतो. खरं मेण नखाने खरवडून बोटांत मळलं की त्याची गोळी होते, पॅराफिनचा भुगा होतो. मी मळून पाहिलं, गोळी झाली. शिवाय खोट मेणात असती तर साठच वड्या कशा बिघडल्या असत्या?

मग मी काकूंकडे वळले. शेजारच्या काकू आमच्यात वयाने मोठ्या. पातेली धुणं, साचे पुसणं, ओतणं त्यांच्याकडे. बाकीच्या दोघीजणी समोर उभ्या असताना मी म्हणाले, "काकू, साचे नीट पुसले नव्हते का? साखर-बिखर लागली असेल कशाला." त्या काहीच बोलल्या नाहीत. एक रवाळ वडी उचलून हातावर चोळत राहिल्या. रवा हळूहळू विरघळला, खाली काहीच उरलं नाही. साखर चरबीत अशी विरघळत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "हे तर तुपावानी झालंय बघ."

रात्री ओतलेल्या दहा साच्यांपैकी पाच शहाबादी फरशीवर ठेवले होते. जागा पुरेना म्हणून उरलेले पाच काकूंनी फळीवर घालून दिवाणावर ठेवले. गल्लीत तुरीची मळणी चाललेली, भुसकट घरभर. म्हणून त्यांनी वर पराती पालथ्या घातल्या आणि त्यावर गोधडी टाकली, विरजण लावलेल्या पातेल्यावर टाकतो तशी. कढवलेलं तूप न हलवता, सावकाश निवू दिलं की रवा धरतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तुपात तो रवा हवाच असतो.

शियात दोन्ही स्वभावाच्या चरबी असतात, लवकर घट्ट होणारी आणि उशिरा. झटकन निवलं तर दोन्ही एकत्र बसतात. सावकाश निवलं की घट्ट होणारी आधी गोठते आणि तिचे मोठे दाणे होतात. फरशीने उष्णता ओढून घेतली, गोधडीने धरून ठेवली. साठ वड्यांचा सगळा फरक एवढाच.

मी भिंतीवर कृतीचा कागद लावलेला होता. त्यात ग्रॅम होते. मेण आधी, कारण ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, हे होतं. थंड बशीवर थेंब टाकून पाकासारखा बघायचा, हेही होतं. निववायचं कसं यावर एक ओळ नव्हती. व्हिडिओत शिकवणाऱ्या बायकाही सारख्या प्रमाणावर येऊन थांबतात, पुढे फक्त 'सेट होऊ द्या' म्हणतात. काय सेट होऊ द्या? कुठे, कशावर, किती वेळात?

साठ वड्या परत पातेल्यात घातल्या. पातेलं पाण्याच्या भांड्यात ठेवून ८० अंशांवर वीस मिनिटं धरलं, नवे दाणे ज्याच्याभोवती धरतील असा जुना एकही दाणा राहू नये म्हणून. घट्ट व्हायला लागण्याच्या जरा आधी ओतलं आणि साचे उघड्या फरशीवर पसरले, भुसकटासाठी वर नुसतं मलमल. तासाभरात हात लावण्याजोगे झाले. चिमटीत धरून एकेक तपासली. सगळ्या गुळगुळीत. बाईंची ऑर्डर वेळेवर गेली.

फेब्रुवारीत मी मुद्दाम एक घाणा अर्धा फरशीवर, अर्धा गोधडीखाली ठेवला. तोच निकाल आला. आता कागदावर निववण्याच्या चार ओळी आहेत, काकूंनी सांगितलेल्या, माझ्या अक्षरात.

त्या सकाळी दोघींसमोर बोललेलं वाक्य मात्र परत घेता आलेलं नाही. मी नंतर माफी मागितली. काकू "असू दे गं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्यांना खरंच काही वाटलं नाही, की वाटूनही त्या बोलल्या नाहीत, हे मला अजून कळत नाही. बोलून दाखवायची सवयच नाही त्यांना.

एप्रिलमध्ये वेगळीच अडचण आली. ऊन चाळिशीवर गेलं की घरातली फरशीही कोमट असते. फ्रिजमध्ये ठेवलं तर बाहेर काढताच वड्यांना पाणी सुटतं, आणि पाणीच तर आम्हाला नको असतं. उन्हाळी वडीत मी शिया कमी करून कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वाढवते, ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. मेणही वाढवते. पण निववायचं कुठे?

पहाटे चारला काकू दोन पोती भिजवून आल्या. पिळून फरशीवर अंथरली, वर पराती ठेवल्या, परातींत साचे. पंखा लावला आणि म्हणाल्या, "ओत आता."