मळभ

मंगळवार, रात्र

कालपासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. सफाईदार. ‘चित्रं सफाईदार आहेत,’ एवढंच होतं मेलमध्ये, आणि खाली ‘या वेळी थांबूया’. नकार मला नवा नाही, त्याचं मी बघून घेते. हा शब्द मात्र आत जाऊन बसला. चूक दाखवली असती तर सुधारली असती. सफाई कशी सुधारायची?

ताईला फोन केला तर म्हणाली, ‘‘अगं, कौतुकच आहे की ते!’’ तिला काय समजावणार. मग ती आईच्या औषधांवर आली. ते आज नको.

तीन दिवस झाले, ऊन नाही. डिसेंबरातलं पुणं म्हणजे पहाटे कडाका आणि दहा वाजता पाठ शेकावी असं ऊन. सध्या सगळं उलटं. ढगांनी रात्रीची ऊब धरून ठेवलीय, त्यामुळे पहाटे स्वेटर लागत नाही आणि दुपारी हात गार पडतात. घरात बसवेना. वही घेतली आणि एम्प्रेस गार्डनला गेले. 39 एकरांची बाग, त्यात माणसं बोटांवर मोजण्याइतकी. माळीदादा कुंड्या हलवत होते. जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन तोंडावर आलंय आणि या हवेत कळ्या अडून बसल्यात, म्हणाले. त्यांच्या आवाजातली काळजी ऐकून मला उगाच रडू आलं.

ओढ्याच्या कडेने चालत राहिले. काढण्यासारखं काही दिसेना. खोडं, वेली, वाट, सगळं एकाच राखी रंगात कालवलेलं. खूप वेळाने लक्षात आलं की कशालाच सावली नाहीये. आणि सावली नसेल तर मी काढायचं काय?

मी आधी सावली टाकते. अल्ट्रामरीनमध्ये थोडा ब्राउन, एक ओला फटकारा, की वस्तू आपोआप उभी राहते. समोर सावली नसली तरी टाकते. किती वर्षं झाली असतील? सफाई तिथून आली का? वस्तूकडे बघायच्या आधीच ती उभी करून टाकायची, यालाच तर ते सफाईदार म्हणत नसतील? बाकावर बसून हेच उगाळत राहिले, आणि खरं सांगायचं तर स्वतःची कीव करत राहिले.

तेवढ्यात वर बघितलं. पर्जन्यवृक्षाची पानं मिटलेली होती. दुपारचे तीन वाजले होते! संध्याकाळी ती मिटतात हे माहीत होतं, मळभातही मिटतात हे वाचलं होतं, पण बघितलं नव्हतं. एक डहाळी खाली पडली होती, ती उचलली. पर्णिका जोडीजोडीने एकमेकींना टेकलेल्या, आणि प्रत्येकीच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान एक फुगीर सांधा. त्या सांध्याच्या एका अंगाच्या पेशी पाणी सोडतात, दुसऱ्या अंगाच्या घेतात, आणि पान वळतं. एवढं मोठं झाड मिटतं ते या एवढ्याशा सांध्यांच्या जोरावर.

रंग पिशवीतच राहिले. फोर बी पेन्सिलने नुसत्या रेषेत काढायला घेतलं. पहिली तीन पानं वाईट. हात सारखा सावली शोधत होता. चौथ्या वेळी सांधा जाड झाला, डहाळी वाकडी गेली, पण वळण आलं. पान कुठून वळतंय ते त्या रेषेत दिसतंय. मग बुरबुर सुरू झाली आणि वही मिटेपर्यंत दोन थेंब कागदावर पडलेच.

आता ते पान टेबलावर आहे. थेंब पडले तिथे कागद फुगून आलाय. एरवी मी तो उलटा करून इस्त्री फिरवली असती. शब्द अजून टोचतोय. पण तो खोटा नव्हता, एवढं आज स्वतःशी कबूल करता आलं. मेलला उत्तर लिहायला घेतलं होतं, ते खोडून टाकलं.

ताईचे दोन मिस्ड कॉल आहेत. करते.

हवामानाच्या अंदाजात परवापासून आकाश निरभ्र दाखवतायत. म्हणजे उद्याचा एक दिवस आहे हातात. दोनलाच निघायला हवं.