आमच्या कानात कुठं आलं?

अहेरी तालुक्यातल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हिशेब मोबाइलवर ठेवायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, माहेर चंद्रपूरचं. तेंदूची झुडपं लहानपणापासून पाहिलेली, हिशेब मात्र कधी पाहिला नव्हता.

पहाटे सगळं घर जंगलात जातं, ऊन तापायच्या आत पानं तोडून आणतं. दुपारी ७० पानांचा एक, असे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून द्यायचे. १००० पुड्यांची एक गोणी धरतात. हंगाम मे महिन्यातला, जेमतेम दोन आठवड्यांचा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा असला तरी महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले, आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा लिलाव, करार, वाटप स्वतः करू लागल्या. पूर्वी ठेकेदाराचा मुन्शी लिहायचा ती वही आता गावातला पोरगा लिहितो. त्यात चूक झाली तर एखाद्या घराचा बियाण्याचा पैसा चुकतो.

पहिली आवृत्ती मी पुण्यात बसून तयार केली. यादीतून नाव निवडायचं, पुड्यांचा आकडा टाकायचा, मजुराच्या मोबाइलवर मेसेज जाणार. पहिल्याच संध्याकाळी फळीवर रांग तुंबली. गावात निम्मी घरं मडावी, उरलेली आत्राम. अकारविल्हे लावलेल्या यादीत एकाच नावाचे चार जण एकाखाली एक. आणि मेसेज जाणार कुठं? घरातला एकमेव मोबाइल मुलाबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. फळीवर रेंजही नव्हती.

तरी सगळ्यात जास्त अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. एक म्हातारी आई पुडे देऊन झाल्यावर जागची हलेना. शेवटी म्हणाली, "बाई, तू लिहिलं ते तुझ्या डब्यात गेलं. आमच्या कानात कुठं आलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग पोरांनी सांगितलं. वही होती तेव्हा अंधार पडायच्या आधी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली जायची. नाव, पुडे, पुढचं नाव, पुढचे पुडे. कुणाचा आकडा कमी-जास्त वाटला की शेजारीच ओरडायचे, कारण कोणी किती पानं आणली हे दुपारी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गावाचा हिशेब तपासायची पद्धत ती होती, आणि माझ्या ॲपनं नेमकी तीच काढून टाकली होती.

पुढच्या तीन संध्याकाळी मी मोबाइल पिशवीत ठेवून नुसती बसले. वहीचं वाचन परत सुरू झालं. हे मी आधी करायला हवं होतं, पुण्याला एक ओळही लिहिण्याआधी. तिथं बसून पाहिलं तेव्हा कळलं, की लिहिणारा पोरगा नाव शोधताना डोक्यात गावातून चालत जातो: बोअरिंगजवळचं घर, त्याच्या मागचं, मग पलीकडचा टोला, म्हणजे वस्ती. आम्ही यादी घरांच्या त्या क्रमानं लावली आणि रांग सुटली. कुटुंबप्रमुख म्हणून एकच नाव मागणारा रकाना बायकांनी बदलायला लावला. पुडे बांधतात त्या, मग हिशेब एकट्या नवऱ्याच्या नावावर का? ग्रामसभेत दोन बैठका झाल्या, सर्वांचं एकमत होईपर्यंत. आता दोन्ही नावं असतात.

वाचन फोननं करायचं तर आवाज हवा. ग्रामसभा माडिया बोलणाऱ्या, काही तेलुगू, लिहिणारे मराठी शाळेत शिकलेले. माडियात फोनला आयता बोलता येत नाही, म्हणून गावातल्या मुलींनीच आकडे बोलून रेकॉर्ड केले. इथं मला भाषांची गंमत दिसली. तेलुगूत वीसच्या पुढं दशक आणि एकक जोडत गेलं की झालं, चाळीस आणि तीन. मराठीत त्रेचाळीस, एकोणपन्नास, त्रेसष्ट, प्रत्येकाचा आवाज वेगळा घ्यावा लागला. माडियात उंदी, रंड असं सुरू झालं, पण आकडा मोठा झाला की मुली आपोआप मराठीत शिरायच्या. म्हाताऱ्यांनी ते ऐकून चालेल म्हटलं, ते स्वतःही तसंच बोलतात. माडिया ज्या गोंडीच्या कुळातली, तिच्या मसराम आणि गुंजाला या दोन लिप्या २०१७ आणि २०१८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आल्या आहेत. एका तरुणानं त्यांचा आग्रह धरला, पण गावात त्या वाचणारं कोणी नव्हतं. अक्षरं देवनागरी राहिली. त्या मुलाची इच्छा खरी होती, म्हणून लिपी बदलायची सोय आत ठेवली आहे.

नकाशाचं मात्र मी चुकवलंच होतं. कुठली पानं कुठल्या भागातली हे कळावं म्हणून ॲप आपोआप ठिकाण नोंदवत होतं. गावच्या पुजाऱ्यांनी विचारलं, हे गावाबाहेर कुठं दिसतं? पुण्याच्या सर्व्हरवर, मी म्हटलं. ते गप्प झाले. त्या वाटेवर पेनठाणा आहे, देवाची जागा, तिथं बाहेरच्यानं जायचं नसतं. त्याच रात्री मी ठिकाणाची नोंद काढली आणि जुन्या नोंदी त्यांच्यासमोर पुसल्या. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू या आदिवासी लोकांसाठी मुकुर्तू नावाची डिजिटल संग्रहाची व्यवस्था तयार झाली, तिच्यात कोणी काय पाहायचं ते समाजाच्या रीतीवर ठरतं. ते मी वाचलेलं होतं, तरी इथं मला सुचलं नाही. आता नोंदी ग्रामसभेच्या लॅपटॉपवरच राहतात.

गेल्या हंगामात फळीवर स्पीकर लावून पहिलं वाचन झालं. नाव पोरगा वाचतो, आकडा फोन बोलतो. त्या म्हाताऱ्या आई पुढंच बसल्या होत्या. त्यांच्या नावानंतर आकडा आला तसा त्यांनी हात वर केला. पुन्हा लावला. दहा पुडे कमी निघाले, पोरानं तिथंच दुरुस्त केले आणि पुढचं नाव वाचलं.